बायोसचे अपडेट फसले असता शिक्षकाने काय करावे?

(वसई तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेड्यातील प्राथमिक शाळेत संगणक येतो तो अनेकांच्या कष्टातून येतो. कोठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, कोठे पालकांच्या वर्गणीतून, तर कोठे एखाद्या संस्थेने आपले वापरलेले यंत्र शाळेस दिल्यामुळे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद झाली, की तो सार्वजनिक मालमत्ता ठरतो. असा संगणक एके दिवशी कळ दाबूनही चालू होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी मुख्याध्यापकांच्या मनात यंत्राविषयी कुतूहल जागे होण्याऐवजी जबाबदारीची धास्ती उत्पन्न होते. संगणकावर कापड घातले जाते, तो कपाटात जातो, आणि काही वर्षांनी निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव येते. दरम्यान ज्या मुलांसाठी तो आणला, ती मुले सातवी होऊन शाळेबाहेर पडलेली असतात.

संगणक असा मूक होण्याच्या कारणांपैकी एक कारण म्हणजे मदरबोर्डवरील बायोसचे अपडेट अर्धवट राहणे. हा दोष दिसावयास भयंकर असला, तरी पुष्कळ वेळा तो अल्प खर्चात, क्वचित काहीही खर्च न करता दूर होतो. मात्र त्यासाठी कोणती गोष्ट आधी करावी व कोणती मागाहून, याचा क्रम ठाऊक असावा लागतो.

बायोस म्हणजे काय?

संगणकाची कळ दाबली जाते त्या क्षणी त्यातील प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. पडदा कोठे आहे, कळफलक जोडला आहे की नाही, डिस्कवर विंडोज आहे की लिनक्स, यांपैकी कशाचीही त्यास जाणीव नसते. ही ओळख करून देणारा लहानसा प्रोग्राम मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा लिहिलेला असतो. त्यालाच बायोस म्हणतात. शाळेत सर्वांच्या आधी येऊन कुलूप उघडणारा, खिडक्या उघडणारा, फळा पुसून घंटा देणारा आणि नंतर वर्ग शिक्षकांच्या स्वाधीन करणारा जो कोणी असतो, त्याचेच काम संगणकात बायोस करतो. मेमरी, कळफलक व डिस्क यांची तपासणी करून तो सूत्रे विंडोजच्या हाती देतो. आजच्या संगणकात या प्रोग्रामची जी नवी रचना असते तिला यूईएफआय असे नाव आहे. परंतु व्यवहारात बायोस हाच शब्द रूढ राहिला आहे.

हा शब्द गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ च्या सुमारास आपल्या सीपी/एम या प्रणालीच्या संदर्भात प्रथम योजला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील बायोस ज्या चिपमध्ये होता तिच्यावर पुन्हा लिहिणे शक्यच नव्हते. बदल करावयाचा तर चिपच बदलावी लागे. १९८४ मध्ये जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरीचा शोध जगापुढे मांडला. विजेच्या साह्याने पुसता व पुन्हा लिहिता येणारी ही मेमरी पुढे मदरबोर्डावर आली, आणि घरबसल्या बायोस बदलणे शक्य झाले.

या सोयीबरोबर धोकाही आला. जे लिहिता येते ते पुसलेही जाऊ शकते. २६ एप्रिल १९९९ रोजी याचा अनुभव जगास आला. तैवानमधील एका विद्यार्थ्याने १९९८ मध्ये तयार केलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. तो विंडोज ९५ व ९८ असलेल्या संगणकांच्या डिस्कवरील आरंभीचा भाग खराब करी व शक्य तेथे बायोसची चिपही बिघडवून टाकी. त्या काळी अनेक ठिकाणी चांगले संगणक मोडीत निघाले. वास्तविक त्यांचा एकही भाग जळलेला नव्हता. केवळ चिपमधील मजकूर गेला होता.

अपडेट का फसते?

फ्लॅश मेमरीचा एक गुणधर्म शिक्षकास पाटीवरून सहज कळेल. जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे गिरवली तर वाचता येत नाहीत. पाटी आधी पुसावी लागते. तसेच या चिपमधील जुना मजकूर विभागाविभागाने प्रथम पुसला जातो व नंतर नवा लिहिला जातो. पुसणे झाले, परंतु लिहिणे पूर्ण झाले नाही, अशा क्षणी वीज गेली तर चिप अर्धी कोरी राहते. पुढच्या वेळी प्रोसेसर आपला पहिला धडा वाचावयास जातो, तेव्हा तेथे धडा नसतोच.

वसई तालुक्यात ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार भागांत पाणी साचले, रेल्वेवाहतूक बंद पडली आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा खंडित झाला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे व विजेचे खांब कोसळून गावेच्या गावे अंधारात राहिली. परंतु वीज केवळ पावसाळ्यात जाते असेही समजू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास, वादळाचा मागमूस नसताना, ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व आसपासच्या फार मोठ्या प्रदेशातील वीज एकाएकी गेली होती. आकाश निरभ्र आहे ही विजेची हमी नव्हे.

वीज जाण्याखेरीज आणखी तीन कारणे संभवतात. पहिले, चुकीची फाइल. एकाच नावाच्या मदरबोर्डाच्या दोन आवृत्त्या असतात व त्यांचे बायोस भिन्न असतात. आवृत्तीचा क्रमांक बोर्डावरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो न पाहता फाइल घेतली जाते. दुसरे, खराब पेनड्राइव्ह किंवा अर्धवट डाउनलोड झालेली फाइल. तिसरे कारण म्हणजे माणसाची अधीरता. पडद्यावर काही हालचाल दिसत नाही म्हणून संगणक ‘अडकला’ असे समजून कोणीतरी कळ दाबून तो बंद करतो, आणि होत आलेले काम बिघडते.

अपडेट करावे की करू नये?

जो संगणक नीट चालतो, त्याचे बायोस केवळ नवी आवृत्ती निघाली म्हणून बदलण्याचे कारण नाही. नवा प्रोसेसर किंवा मेमरी बसवावयाची असेल, निर्मात्याने एखादा ज्ञात दोष दूर केला असेल, अथवा सुरक्षेतील मोठी उणीव भरून काढावयाची असेल, तर अपडेट योग्य होय. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन या नावांनी प्रोसेसरमधील उणिवा उघड झाल्या, त्यानंतर अनेक निर्मात्यांनी त्यांवरील उपाय बायोस अपडेटमधूनच दिले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. नामांकित कंपन्यांच्या तयार संगणकांत बायोसचे अपडेट कधी कधी विंडोजच्या नेहमीच्या अपडेटबरोबर आपोआप येते. शिक्षकाने काहीच मागितलेले नसते. तो सायंकाळी संगणक बंद करतो आणि पडद्यावर ‘वीजपुरवठा बंद करू नका’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिसते. शाळा सुटलेली, मुले निघालेली, बस गाठावयाची असते. अशा वेळी मुख्य बटण बंद करण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे.

प्रथम काय करावे?

पहिली पायरी थांबण्याची आहे. अपडेटनंतर अनेक संगणक स्वतःहून दोन-तीन वेळा बंद होऊन चालू होतात. काही नव्या यंत्रांत मेमरीची नव्याने जुळणी होत असता कित्येक मिनिटे पडदा काळा राहतो. म्हणून वीज गेलेली नसेल तर किमान अर्धा तास यंत्रास हात लावू नये. बिघडलेले यंत्र अर्ध्या तासाने अधिक बिघडत नाही. पण चालू असलेले काम तोडले तर चांगले यंत्र बिघडते.

दुसरी पायरी निरीक्षणाची. पंखा फिरतो का? कळफलकावरील दिवा लागतो का? शिटीसारखे आवाज येतात का, आले तर किती व किती लांब? मदरबोर्डावर लहान दिवे असतील तर कोणता पेटलेला राहतो? हे सर्व तारखेसह कागदावर लिहावे. दुरुस्ती करणाऱ्यास ‘संगणक चालत नाही’ या वाक्यापेक्षा या चार ओळींचा उपयोग फार अधिक होतो.

तिसरी पायरी अशी की, दोष अपडेटचाच आहे हे गृहीत धरू नये. पडद्याची केबल सैल असणे, मेमरीची पट्टी जागेवरून हलणे, यांमुळेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या किनारपट्टीवर हवा दमट व खारी असल्यामुळे धातूच्या जोडांवर थर चढतो. संगणकाची वायर भिंतीतील सॉकेटमधून पूर्ण काढून, धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगातील स्थिरविद्युत उतरवावी. मग मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दाते मऊ खोडरबराने हलके पुसावेत, रबराचा भुसा झटकावा आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. मात्र वीज पुरविणारी पेटी, जिला पॉवर सप्लाय म्हणतात, ती कोणत्याही कारणास्तव उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यात जिवावर बेतणारा विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

चौथी पायरी बायोसच्या नोंदी मूळपदावर आणण्याची. मदरबोर्डावर एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो. बाजारात तो सीआर २०३२ या नावाने मिळतो. वायर काढून, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जिरू द्यावी, सेल काढावा आणि दहा मिनिटांनी परत बसवावा. यामुळे तारीख, वेळ व माणसाने केलेल्या निवडी पुसल्या जातात. अपडेट पूर्ण झाले असेल आणि केवळ जुन्या निवडी नव्या बायोसशी जुळत नसतील, तर संगणक एवढ्यानेच सुरू होतो. परंतु चिपमधील प्रोग्रामच अर्धवट राहिला असेल, तर सेल कितीही वेळ काढून ठेवला तरी तो परत येणार नाही. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ जण याच पायरीवर निराश होतात.

गेलेला धडा परत कसा द्यावा?

निर्मात्यांनाही हा धोका ठाऊक असल्यामुळे त्यांनी काही तरतुदी करून ठेवल्या आहेत. काही मदरबोर्डांवर बायोसच्या दोन चिपा असतात. एक बिघडली तर दुसरी काम करते. गिगाबाइट कंपनीच्या अनेक बोर्डांवर ही सोय आहे. अलीकडच्या अनेक बोर्डांवर पाठीमागील बाजूस एक स्वतंत्र बटण असते. असूस कंपनी त्यास बायोस फ्लॅशबॅक म्हणते, एमएसआय फ्लॅश बायोस, तर गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. या बटणाचे वैशिष्ट्य असे की, प्रोसेसर व मेमरी काम करीत नसली तरी बोर्डावरील एक स्वतंत्र लहान चिप पेनड्राइव्हमधील फाइल वाचून बायोस पुन्हा लिहिते.

त्यासाठी दुसऱ्या संगणकावरून निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन बोर्डाचे नाव व आवृत्ती तंतोतंत जुळवून फाइल घ्यावी. पेनड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट करावा, फाइल संकुचित असल्यास उलगडावी आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच नाव तिला द्यावे. नावात एका अक्षराचा फरक झाला तरी बोर्ड ती फाइल ओळखीत नाही. पेनड्राइव्ह खूण केलेल्या ठरावीक यूएसबी खाचेतच लावावा. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकू लागतो. तो थांबेपर्यंत कशासही हात लावू नये.

तयार संगणकांची रीत निराळी आहे. एचपी कंपनीच्या अनेक यंत्रांत विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘बी’ ही कळ एकत्र दाबून धरीत यंत्र चालू केले, तर डेलच्या अनेक यंत्रांत कंट्रोल व एस्केप या कळा दाबून धरल्या, तर बायोस पूर्ववत करण्याची सोय उघडते. आपल्या यंत्रास ही सोय आहे की नाही, हे पुस्तिकेत पाहावे.

यांपैकी काहीच साधले नाही, तरीही मदरबोर्ड फेकण्याची वेळ आलेली नसते. बायोसची चिप बहुधा आठ पायांची व बोटाच्या नखाहून लहान असते. दुरुस्ती करणारा कारागीर तिला चिमट्यासारखी क्लिप लावून वा चिप सोडवून प्रोग्रामर नावाच्या साध्या यंत्राने तिच्यावर पुन्हा लिहितो. हे काम शिक्षकाने शाळेत करू नये. कारण काही चिपा ३.३ व्होल्टच्या तर काही १.८ व्होल्टच्या असतात, आणि चुकीचा दाब दिल्यास चिप खरोखरच जळते. मात्र कारागिराशी दोन गोष्टी अगोदर बोलाव्यात. एक, चिपमध्ये सध्या जो मजकूर आहे तो आधी वाचून त्याची प्रत ठेवावी. यंत्राचा अनुक्रमांक, क्वचित नेटवर्कचा पत्ता व विंडोजची परवाना-कळ त्याच चिपमध्ये असते. दुसरी, चिपवरील उपाय करून पाहिल्याशिवाय नवा मदरबोर्ड सुचवू नये. हे काम करणारे कारागीर मोठ्या गावांत शोधल्यास सापडतात. न सापडल्यास मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच जुना लॅमिंग्टन रोड, हा या व्यवसायाचा प्रसिद्ध बाजार आहे आणि तो विरार लोकलच्या मार्गावरच आहे.

शाळेची माहिती कोठे असते?

बायोस गेला म्हणजे मुलांच्या निकालपत्रकांची, पोषण आहाराच्या हिशेबाची, यूडायससाठी जमविलेल्या माहितीची वाताहत झाली, असे समजून काही शिक्षक फार घाबरतात. ही भीती बहुधा निराधार असते. हा सर्व मजकूर डिस्कवर असतो आणि डिस्क ही बायोसच्या चिपहून पूर्णतः निराळी वस्तू आहे. तातडीचे काम अडले असेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते व फाइली काढून घेता येतात.

याला एक अपवाद आहे. विंडोजमधील बिटलॉकर ही कुलुपाची सोय चालू असेल, तर अपडेटनंतर किंवा डिस्क दुसरीकडे लावल्यावर ४८ अंकी किल्ली विचारली जाते. ती नसेल तर मजकूर हाती येत नाही. म्हणून बिटलॉकर चालू आहे की नाही हे आजच पाहावे. चालू असल्यास ते अंक कागदावर उतरवून तो कागद शाळेच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत कुलुपाखाली ठेवावा.

अपडेट करण्यापूर्वी

अपडेट करणे खरोखर आवश्यक ठरले, तर शिक्षकाने पुढील गोष्टी पाळाव्यात. सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी. बोर्डाचे अथवा यंत्राचे नाव, आवृत्ती व सध्याच्या बायोसचा क्रमांक लिहून ठेवावा. संगणक यूपीएसवर चालवावा, आणि यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते की नाही हे एक दिवस आधी तपासावे. साध्या इन्व्हर्टरवर विसंबू नये. वीज गेल्यावर तो काम सुरू करीपर्यंत जो क्षणभर जातो, तेवढ्या क्षणात संगणक बंद पडू शकतो. काही इन्व्हर्टरवर यूपीएस असे लिहिलेली निराळी खूण असते, ती निवडलेली असावी. ढग दाटून आलेले असताना किंवा शाळा सुटण्याच्या वेळी हे काम हाती घेऊ नये. काम चालू असता संगणकावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावावी, म्हणजे दुसऱ्या शिक्षकाकडून अथवा मुलाकडून अनवधानाने बटण दाबले जाणार नाही.

इतके करूनही अपडेट फसले, तर काय घडले, कोणत्या पायऱ्या केल्या व काय आढळले, याची नोंद मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी करावी आणि केंद्रप्रमुखांस कळवावे. प्रामाणिक नोंद असली, की दुरुस्तीचा मार्ग मोकळा होतो. दोष लपविला, की यंत्र कपाटात जाते.

या साऱ्या कामात वरच्या वर्गांतील मुलांना जवळ बसवावयास हरकत नाही, अर्थात वीज पूर्ण बंद असताना. लक्षण पाहणे, ते लिहून ठेवणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम तपासणे, आणि स्वस्त उपाय संपल्यावरच खर्चिक उपायाकडे वळणे, ही रीत सायकलच्या पंक्चरला, शेतातील पंपाला व विहिरीच्या मोटारीलाही तशीच लागू पडते. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण व प्रयोग यांविषयी जे छापलेले असते, ते मुलांना येथे प्रत्यक्ष होताना दिसते. संगणक पुन्हा सुरू झाला तर आनंदच आहे. कारागिराकडे न्यावा लागला तरी तो का बिघडला व आता त्याचे काय होणार, हे शाळेतील प्रत्येक मुलास सांगता यावे, एवढी तयारी शिक्षकाने अवश्य ठेवावी.